पाचपैकी चार

सिलिंडर आला की मेसेज, औषधं आली की मेसेज, बँकेत नुसतं जाऊन आलं तरी मेसेज. 'आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.' निवृत्त आपोलिना टीचर या ताऱ्यांना कंटाळल्या होत्या. न वाचताच पुसून टाकायच्या.

पण त्या दिवशी पार्सल घेऊन आला त्यांचाच जुना विद्यार्थी, नेव्हिल. नोकरीचा पहिलाच महिना. भर उन्हात पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून आला आणि जाताना फाटकात पडलेली माडाची झावळीही ओढून बाजूला ठेवून गेला. त्याच्यासाठी टीचर चष्मा लावून बसल्या. पैकीच्या पैकी त्यांनी आजवर कोणालाच दिले नव्हते. नीट विचार करून त्यांनी चार तारे दिले आणि खाली शेरा लिहिला, 'उत्तम. अजून प्रगतीला वाव आहे.'

आठवड्याने नेव्हिल रिकाम्या हातांनी दारात उभा राहिला.

"नोकरी गेली, टीचर. शेरो वाचून वळाखलंय, तुमीच."

"अरे, पण चार दिलंय मी. निबंधाक तुका दोनाच्या वर कधी देवक नाय."


"कंपनीत चार म्हणजे नापास, टीचर."