शिकाऊ बाई

"बाई नको म्हणजे नको," आई वॉकर घट्ट धरून म्हणाली. "तीस वर्षं नर्सिंगच्या पोरींना पेशंट कसा उठवायचा ते शिकवलंय मी. आता मला कोण उठवणार?"

"सोमवारी माझी रजा संपतेय, आई."

"मग जा की!"

आईचा गुडघा बदलून नऊ दिवस झाले होते. कालच आई हाक न मारता न्हाणीघरात गेली होती आणि पाय उचलेना म्हणून वीस मिनिटं दाराला धरून उभी होती.

तयारीत लेकीने कसूर ठेवली नव्हती. सतरंज्या गुंडाळल्या, भिंतीला दांड्या बसवल्या. आईने आधीच आणलेला वॉकर लेकीने बदलून घेतला, आईने निवडलेली खुर्ची बुटकी म्हणून परत पाठवली. फक्त माणसाची सोय होत नव्हती. ती झाली नाही तर नोकरी सोडायची, हेही तिने ठरवून टाकलं होतं.

नर्सिंग ब्यूरोच्या बाईंनी चाळिशीची एक धडधाकट मदतनीस तिच्यासमोर उभी केली. लेकीने अडचण सांगितली.

मदतनीस जराशी विचारात पडली. "शिकवायची सवय आहे ना त्यांना? मग मी शिकाऊ म्हणून येते."

"या वयात?"

"नवऱ्याने उशिरा सोडलं, म्हणून आता शिकतेय म्हणेन. खोटं बोलायचंच तर जरा रडकं बोलावं, ताई."

दुसऱ्या दिवशी अंगणाच्या पायरीवर मदतनीस मुद्दाम चुकली.

"अगं, उतरताना दुखरा पाय आधी!" आई कडाडली. "कुठल्या गाढवाने शिकवलं तुला?"

"अजून कुणी धड शिकवलंच नाही, मॅडम."

"दिसतंच आहे. चल, पुन्हा धर मला."

शनिवारपर्यंत आई तिच्याकडून आंघोळ घालून घेत होती, व्यायाम करून घेत होती आणि प्रत्येक गोष्टीत तिच्या चुका काढत होती. इतकी खुशीत आई कित्येक दिवसांत दिसली नव्हती. लेकीला आपल्या हुशारीचं हसू आवरेना.

सोमवारी लेक बॅग घेऊन निघाली तेव्हा आईने फक्त एवढंच म्हटलं, "पोरगी मठ्ठ आहे. पण करीन तयार."

स्टेशनच्या वाटेवर लेक मदतनीस ठेवल्याच्या फॉर्मवर सही करायला ब्यूरोत थांबली. नेहमीच्या बाई नव्हत्या. टेबलाशी बसलेल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला.

"इथे करा. शिफारसवाल्यांची सही आधीच झालीय."

"कुणाची शिफारस?"

"तुमच्या आईंची. ऑपरेशनच्या आधल्या आठवड्यात स्वतः आपल्या या जुन्या विद्यार्थिनीला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, 'मुलगी येईल, तिला हीच दाखवा. मी निवडली म्हणून कळलं तर तिला पटायची नाही, आणि नोकरी सोडून माझ्या उशाशी बसेल.'"