बारीक चाकांची गाडी

महायुद्धाच्या काळात औंढ्याच्या माळावर लष्करी कोठार उभं राहत होतं. पेट्या वाहून गड्यांचे खांदे सोलले, तेव्हा साहेबानं ओझी उचलायची गाडी घ्यायचं ठरवलं आणि मुकादम महिपतीला दोन चित्रं दाखवली.

"सायेब, रुंद चाकांची घ्या. बारीक चाकं हितल्या चिखलात रुतत्याल," महिपतीनं तीनतीनदा विनवलं.

"तुला यंत्रातलं काय कळतं?" म्हणत साहेबानं बारीक चाकांचीच मागवली.

पहिल्याच दिवशी ती आसापर्यंत रुतली. महिपतीनं दातओठ खात चाळीस गडी बोलावले. खाली वासे घालून त्यांनी गाडी खांद्यावर घेतली आणि ते चिखलातून टेकाड चढू लागले.

मागून साहेब ओरडला, "सांभाळून! तिच्या रंगाला ओरखडा येता कामा नये!"