अर्धी भट्टी

समोरच्या बेकरीवाल्याची भट्टी कोसळली आणि त्याची सगळी गिऱ्हाइकं या नवराबायकोच्या बेकरीकडे वळली. बायको खुशीत होती. पण चर्चमधून परतताच नवरा म्हणाला, “त्याची भट्टी उभी राहीपर्यंत आपली अर्धी भट्टी त्याला देतोय.” बायकोचा पीठ मळणारा हात थांबला. “अहो, आपल्या पावात अळ्या निघतात म्हणून गावभर सांगत फिरला तो. विसरलात?” “विसरलो नाही गं. पण आज प्रार्थनेत ‘आम्हाला भाकर दे’ म्हणताना तो शेजारीच होता. त्या ‘आम्हाला’त तोही आला की.” ती पुन्हा पीठ मळू लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे समोरचा बेकरीवाला आला, पण फुगलेल्या पिठाचं पातेलं पोटाशी धरून दारातच घुटमळला. मान वर होईना. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, फळीवरचे आपले ट्रे बाजूला सरकवले आणि म्हणाली, “आत या भावोजी. भट्टी तापलीय, आधी तुमचे पाव लावू.”