गोड हसरा फोटो

एन्डोलाच्या बाजारातून भाजी विकून आलेली कासोंदे खुर्चीत टेकली, तोच तिची मुलगी ब्वाल्या मोबाइल घेऊन समोर बसली. “आई, तुझ्या लग्नाच्या फोटोंसाठी या स्टुडिओवाल्याला सांगू. मुसोंडामावशीच्या फोटोंत माणसांची डोकीच कापली जातात.” “कापू देत. तीच काढेल.” “दुसरं लग्न म्हणून उरकून टाकायचं?” कासोंदेनं सुजलेले पाय चोळले. “तुझ्या बापाशी लग्न झालं तेव्हा गावातला नावाजलेला फोटोग्राफर होता. त्यानं आम्हाला इतकं गोड हसवलं, की पुढं मी मार खाऊन माहेरी गेले, तरी तुझी आजी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवायची. म्हणायची, ‘असं प्रेमानं बघणारा माणूस हात उगारेल कसा?’ आणि परत पाठवायची.” ब्वाल्यानं मोबाइलवरचं स्टुडिओचं पान बंद केलं. मग तिनं मावशीला फोन लावला. “मावशी, लग्नाचे फोटो तूच काढ. आणि आईला हस म्हणू नकोस.”