रिक्त संबंध

गोव्यात राजभाषेचं आंदोलन ऐन भरात असताना पेडण्यात विनोदिनीचं लग्न ठरलं. तिचे वडील गोकुळदास मराठीच्या मोर्चात पुढे, तर होणारे सासरे कोकणीच्या मोर्चात पुढे. लग्नाआधी देवाला गाऱ्हाणं घालायला दोन्ही घरं देवळात जमली आणि तिथंच दोघांची जुंपली.

"ह्या मनशाचो नी माजो कसलोच संबंध ना!" मराठीवाले गोकुळदास कोकणीत ओरडले.

"माझाही आपल्याशी काडीचा संबंध नाही!" कोकणीवाले सासरे शुद्ध मराठीत गरजले.

नवरदेव सुदेश रडवेला झाला. विनोदिनी पडली हायस्कुलातली गणिताची बाई. ती शांतपणे म्हणाली, "दोघंही तेच म्हणताय, म्हणजे संबंध सममित आहे. आणि संबंध म्हणजे काय, तर जोड्यांचा संच. एकही जोडी नसली तर तो रिक्त संबंध. पण संबंधच, बाबा! त्यात आमची जोडी घाला, की रिक्तही राहायचा नाही."

"ही आता कुठली भाषा?" दोघांनी एकदमच विचारलं.

तेवढ्यात देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या घाड्याने संधी साधून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या दोन घरांचो संबंध जुळान येवंदे रे म्हाराजा!"

जन्मभराच्या सवयीने दोघांचेही हात जोडले गेले. "व्हय म्हाराजा!"

लग्न थाटात झालं. 'व्हय' हा शब्द मराठी की कोकणी, यावरून दोघा व्याह्यांचा संबंध त्याच पंगतीत पुन्हा रिक्त झाला.