चिमूटभर नेट

मस्कतहून आलेल्या बॅगेतून रझियाने एक खोका काढला. नवऱ्याला, करीमला, तिकडेच दफन करून वीस दिवस झाले होते. खोलीतल्या सोबत्याने आज सामान आणून दिलं. खोक्यात नवाकोरा फोन होता, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

“तुझे अब्बा सांगत होते,” रझिया लेकीला म्हणाली, “माझाच फोन जुना झालाय, म्हणून तुम्ही नीट दिसत नाही. नवीन घेतो.”

रुबिना लॅपटॉपपुढे बसली होती.

फोन बिचारा काय करणार? दोष या हुशार लेकीचा होता. मांडवीतल्या घरात बसून ती पुण्याच्या कंपनीचं काम करायची. मीटिंग अडकायला लागल्या, साहेबाने चारचौघांत सुनावलं, तेव्हा तिने घरच्या राउटरसाठी प्रोग्राम लिहिला. कुठल्या ॲपला किती नेट द्यायचं, ते तो ठरवायचा. ऑफिसला भरपूर, घरच्या व्हिडिओ कॉलला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अगदी चिमूटभर. अब्बा संध्याकाळी निवांत बोलतील, असं ती धरून चालली होती. पण तिकडे एका खोलीत आठ माणसं. बायकोशी बोलायचं तर दुपारच्या सुट्टीत, गोदामामागे उभं राहून. रोज त्यांचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटायचा. रझिया तिकडच्या नेटला शिव्या घालायची. रुबिना ऐकायची, उद्या बदलते असं मनात म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. शेवटचा कॉलही तसाच गेला.

“माझं सिम यात घाल गो,” रझिया म्हणाली. “तुला लावून बघते. माणूस कसा दिसला असता, कळू दे तरी.”

रुबिनाने सिम घातलं, वाय-फाय जोडून दिलं. रझिया फोन घेऊन पडवीत जाऊन बसली. दुपारचा दीड वाजला होता. कॉल लागला आणि रुबिनाच्या फोनवर आईचं तोंड चौकोनाचौकोनांत फुटलं.

“नवापण तसाच?” तुटत तुटत आवाज आला. “मग फोनचं काय नव्हतंच...”

रुबिनाला गप्प बसता आलं असतं. तिकडचा फोन इकडे नीट चालत नाही, अशी थाप मारता आली असती. आईने ती मुकाट्याने मानलीही असती. तिने आपला फोन तांब्याला टेकवून उभा केला, लॅपटॉपवर प्रोग्राम उघडला, एक ओळ खोडली आणि तो पुन्हा चालू केला.

आईचा चेहरा लख्ख झाला. हनुवटीवरचा तीळ, चष्म्याच्या काचेवरचा बोटाचा ठसा, सगळं दिसलं.

“आता दिसतेस,” रझिया म्हणाली. “काय केलंस?”

“एक ओळ काढली, अम्मी. नेट अडवणारी. मीच घातली होती. अब्बांच्या कॉलवर.”

आईचा चेहरा जागच्या जागी थांबला. रुबिनाला वाटलं, कॉल पुन्हा अडकला. पण मागे दोरीवरची ओढणी वाऱ्याने हलत होती.