जानरावसाठी वकिली

१९६४ साली वडनेर भोलजी गावचा पंजाबराव अमरावतीला लॉ कॉलेजात प्रवेश मागायला गेला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून झालेल्या मारामारीत एक माणूस मेला होता, आणि त्या प्रकरणात आपण सहा महिने जेलात होतो, हे त्यानं प्राचार्यांना आधीच सांगून टाकलं. त्याचा दोस्त जानराव याला मात्र खुनासाठी जन्मठेप झाली होती.

"शिक्षा भोगलीस, बी.ए. झालास, चांगलं केलंस. पण वकीलच का व्हायचंय?" प्राचार्यांनी विचारलं.

"जानरावले सोडवाचं हाय, साहेब. तो बेकसूर हाय. पडलेल्या माणसाले तो पाणी पाजाले धावला, अन् पोलिसांनी त्यालेच धरलं. त्याची माय सोजराबाई मले भेटली की हात जोडते. म्हणते, 'लवकर वकील होय बाबू, माह्या पोराले सोडवजो.' मले जेवण जात नाई मग."

"तो बेकसूर आहे, हे तुला इतक्या खात्रीनं कसं माहीत?"

पंजाबरावची मान खाली गेली. "काठी माह्या हातात होती, साहेब."

 प्राचार्य हळूच म्हणाले, "मग त्याला सोडवायला तू वकील कशाला व्हायला हवंस?"



वर्षभरानं जानराव सुटून घरी आला, तेव्हा पंजाबराव जेलात होता.